डेटा रूम

नवउद्योगात पैसे घालू पाहणाऱ्याला कंपनीची गोपनीय कागदपत्रे ठरावीक अटींवर दाखवण्यासाठी केलेली ऑनलाइन जागा. पूर्वी ही खोली खरोखरची असे. कंपनी विकायला निघाली की वकिलाच्या कचेरीत फायली मांडून ठेवत आणि घेणाऱ्याची माणसे तिथेच बसून त्या वाचत. आता फायली सर्व्हरवर गेल्या. कोण आले आणि काय पाहिले याची नोंद ठेवण्याची रीत टिकली.

सांगलीकराला ही कल्पना पेवावरून, म्हणजे जमिनीखालच्या कोठारावरून, चटकन उमगेल. हरिपूरच्या पेवांत हळद साठवत; तोंड अरुंद, आणि ते कधी उघडायचे हे मालक ठरवणार. 

समजा, सांगलीतली एखादी कंपनी हळदीतून कुर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य) काढण्याची नवी पद्धत विकसित करते आहे. पहिल्या भेटीत ती फक्त पिच डेक, म्हणजे धंद्याची ओळख करून देणाऱ्या स्लाइड्स, दाखवते. त्यात बाजारपेठ आणि विक्रीचे आकडे असतात. तापमान किंवा द्रावकाचे प्रमाण नसते. टर्म शीट (गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा प्राथमिक मसुदा) हाती आल्यावर ताळेबंद, कॅप टेबल (कोणाकडे किती शेअर आहेत याचा तक्ता), करार आणि कर्जांची कागदपत्रे खुली होतात. प्रक्रियेचा तपशील सर्वांत शेवटी, तोही पेटंटचा अर्ज केल्यावरच. आधी तो उघड झाला तर नावीन्याचा दावा अडचणीत येतो. पेटंटचा तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज करून ठेवला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

नवख्या उद्योजकांचा गोपनीयतेच्या करारावर, म्हणजे एनडीएवर, फार भरवसा असतो. नवउद्योगांत पैसे गुंतवणारे व्हेंचर फंड मात्र पहिल्या भेटीआधी त्यावर सहसा सही करत नाहीत, कारण एकाच धंद्यातल्या अनेक कंपन्या त्यांच्या दारी येतात. भारतात व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा नाही. भिस्त १८७२ च्या करार कायद्यावर आणि विश्वासभंगाच्या दाव्यावर. दावा जिंकला तरी फुटलेले सूत्र पुन्हा गुपित होत नाही.

प्रत्येकाला स्वतःच्या ईमेलवर ओटीपीसह प्रवेश, डाउनलोड बंद, ठरलेली मुदत आणि पानावर वाचणाऱ्याच्या नावाचा वॉटरमार्क ही नेहमीची साधने. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढणाऱ्याला ती अडवत नाहीत; कागद कोणाकडून फुटला एवढे वॉटरमार्कवरून कळू शकते. गळतीच्या वाटा मात्र याहून साध्या असतात: लिंक मिळेल त्याला उघडणारे ड्राइव्हचे फोल्डर, किंवा सीएला घाईत व्हॉट्सॲपवर धाडलेली एक्सेल फाइल. कर्मचाऱ्यांचे आधार क्रमांक आणि ग्राहकांचे मोबाइल क्रमांक झाकूनच ठेवावेत. त्यांच्यासाठी २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे. बोलणी फिसकटली तर त्याच दिवशी प्रवेश काढून घ्यावा, पाहणीची नोंद मात्र जपून ठेवावी.