गरोदरपणातली कळ: जोरापेक्षा तिची चाल बघा

गरोदर बाईच्या पोटात कळ आली की घरातले सगळे एकच विचारतात, "लई दुखतंय का?" दुखण्याच्या जोरावरून मात्र धोका कळत नाही. पाचव्या महिन्यात कुशीवर वळताना जांघेत अशी चमक भरते की बाई जागीच थांबते, तरी त्यात बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. उलट आठव्या महिन्यात पाळीच्या वेळेसारखं बारीक, पण ठरावीक वेळानं येणारं दुखणं म्हणजे मुदतीआधीच्या बाळंतपणाची सुरुवात असू शकते. म्हणून कळ कुठे उठते, किती वेळ टिकते, पुन्हा किती वेळानं येते आणि सोबत आणखी काय होतं, हे बघायचं.

जांघेतल्या चमकेचं कारण साधं आहे. एरवी साठ-सत्तर ग्रॅमचं गर्भाशय दिवस भरेपर्यंत किलोभराचं होतं. त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे दोन बंध जांघेपर्यंत उतरतात. गर्भाशय वाढतं तसे ते ताणले जातात आणि झटक्यानं उठलं, शिंकलं की ओढ बसते. गर्भाशय थोडं उजवीकडे कललेलं असल्यानं ही चमक उजव्या बाजूला जास्त जाणवते. ती काही सेकंदांत ओसरते. उठताना आधी कुशीवर वळावं, हाताचा टेकू घ्यावा, मग बसावं. शिंक येतेय असं वाटलं की गुडघे पोटाकडे वाकवावेत.

पहिल्या तीन महिन्यांत ओटीपोटात हलकं ओढल्यासारखं होणं नेहमीचं आहे. पण सहाव्या ते दहाव्या आठवड्यात एकाच बाजूला सतत दुखत असेल, थोडं अंगावरून जात असेल, चक्कर येत असेल, तर गर्भ गर्भाशयाऐवजी त्याच्या नळीत राहिल्याची शंका घ्यावी. नळी फुटली की रक्त पोटात साचतं आणि बाहेर मात्र थेंबभरच दिसतं. ते रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की खांद्याचं टोक दुखतं, कारण दोन्हींच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात. पोटासोबत खांदा दुखणाऱ्या गरोदर बाईला घरी झोपवून ठेवू नये.

सहाव्या महिन्यानंतर पोट अधूनमधून ताठतं. या खोट्या कळांचं वर्णन जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी 1872 मध्ये केलं. त्यांना ताल नसतो, विसावा घेतला की त्या थांबतात. पाणी कमी पडलं किंवा लघवी तुंबली तर त्या वाढतात, आणि मराठवाड्यात या दोन्ही गोष्टी एकदमच घडतात. एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांपुढे जातो. रानात आडोसा नाही म्हणून बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. ऊसतोडीच्या टोळीसोबत कोपीत राहणारीची तर त्याहून आबाळ. हा तिचा निष्काळजीपणा नाही. कामाच्या जागी आडोसा आणि पाणी देणं मुकादमाचं आणि मालकाचं काम आहे.

लघवी तुंबली की जंतू वाढतात. गरोदरपणात मूत्रनलिका सैल पडतात, वरून गर्भाशयाचा दाब येतो, त्यामुळे जंतू मूत्रपिंडापर्यंत सहज चढतात. मग थंडी वाजून ताप येतो, बहुधा उजवी कूस दुखते आणि गर्भाशयही आकसू लागतं. लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी देतात. पाणी पोटात जातं हे चांगलंच, पण जंतू त्यानं मरत नाहीत. लघवी तपासून घ्यावी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरं वाटल्यावरही पूर्ण संपवाव्यात. लघवीचा रंग फिकट राहील इतकं पाणी दिवसभरात प्यावं.

मुरडा आणि बद्धकोष्ठता यांचीही कळ येते. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, त्यानं शौचाला घट्ट होतं. गोळी बंद करू नये. ती जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवावी. एरंडेल अजिबात नको, आतड्यांसोबत ते गर्भाशयालाही चेतवतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलेल्या दुखऱ्या अंगाच्या गोळ्याही स्वतःहून घेऊ नयेत. पाचव्या महिन्यानंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं.

कळ खोटी की खरी, हे घरी असं बघा. लघवी करून या, दोन पेले पाणी प्या, डाव्या कुशीवर पडा आणि बेंबीच्या वर तळहात सपाट ठेवा. कळ येताना पोट कपाळासारखं टणक लागतं आणि जाताना मऊ पडतं. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंतची मिनिटं कागदावर लिहा. 37 आठवडे भरायच्या आत दहा मिनिटांना एक किंवा तासात सहा कळा आल्या, कंबरेतून कळ पुढे येऊ लागली किंवा अंगावरून पाणी गेलं, तर तास पुरा व्हायचीही वाट न बघता दवाखान्यात निघा. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला देतात ती इंजेक्शनं पुरती लागू पडायला साधारण एक दिवस लागतो. उशिरा पोहोचलं तर तो दिवस हातात राहत नाही.

पोट मऊच पडत नसेल, कळ सतत असेल, तर वार (गर्भाशयाला चिकटलेली, बाळाला पोसणारी गादी) बाळ जन्मायच्या आधीच सुटल्याची भीती असते. रक्तदाब वाढलेला असेल किंवा पडल्याचा मार असेल तर ती जास्त. यातही रक्त आतच अडकू शकतं. बरगडीखाली उजवीकडे दुखणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, ही रक्तदाबाची लक्षणं आहेत, त्यांना ॲसिडिटी समजू नका. बाळाची हालचाल कमी वाटली तरीही निघा.

अशा वेळी 108 ला फोन करा आणि सोनोग्राफी, रक्त व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यातच जायचंय हे सांगा. कळांचा कागद आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या. कार्डावर आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि रक्त गेलं असेल, तर अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरानं बाळाच्या रक्ताविरुद्ध लढू नये म्हणून देतात ते) 72 तासांच्या आत लागतं. त्याची आठवण डॉक्टरांना स्वतःहून करून द्या.