बीव्हर की पाणमांजर? उजनीच्या काठावर काय बघायचं

उजनी धरणाच्या फुगवट्यात तपकिरी, केसाळ प्राणी पोहताना दिसला आणि व्हिडिओ फिरू लागला, की कुणीतरी खाली ‘बीव्हर’ लिहितोच. भारतात रानात बीव्हर नाही. त्याच्या दोनच जाती आहेत, एक उत्तर अमेरिकेतली, दुसरी युरोप-आशियातली. आपल्याकडच्या नद्यांत असला तर ऊद, म्हणजे पाणमांजर.

शेपूट दिसली तर प्रश्नच मिटला. बीव्हरची शेपूट रुंद, चपटी, वल्ह्यासारखी आणि खवलेदार. धोका वाटला की तो ती पाण्यावर फाडकन आपटतो. (तो शेपटीवर चिखल वाहतो ही निव्वळ दंतकथा. चिखल तो पुढच्या पायांनी छातीशी धरून नेतो.) पाणमांजराची शेपूट बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती, केसाळ. वजनातही फरक आहे: मोठा बीव्हर १६ ते ३० किलोचा, आपल्याकडची गुळगुळीत अंगाची पाणमांजर ७ ते ११ किलोची.

खरा फरक तोंडात आहे. बीव्हर उंदीर-खारीच्या गोतातला, मासा खातच नाही. साल, सालीखालचा कोवळा थर, पानं आणि पाणवनस्पती हे त्याचं खाणं. पुढच्या दातांचं बाहेरचं कवच लोहामुळे नारिंगी आणि कठीण, मागची बाजू मऊ. मागची बाजू आधी झिजते, त्यामुळे धार आपोआप राहते आणि दात जन्मभर वाढत राहतात. पाणमांजर मांसाहारी: सुळे, मिशा, आणि मासे हेच मुख्य अन्न.

बांध घालायची गरजही बीव्हरलाच. त्याच्या घराचं दार पाण्याखाली असतं. पाणी उतरलं की दार उघडं पडतं आणि लांडगा आत शिरतो. म्हणून उथळ ओढ्यावर तो फांद्या, दगड, चिखल रचून पाणी अडवतो. गळतीचा खळखळाट ऐकला की तिथेच भर घालतो. मोठ्या खोल नदीत मात्र बांध न घालता काठातच बीळ करतो. उन्हाळ्यात ज्याचा पाणीसाठा मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त पातळीच्याही खाली जातो, त्या उजनीत असं बीळ कोरडंच पडलं असतं. पाणमांजराला ही अडचण तेवढी नाही. तिला मासे, लपायला काठची झाडी आणि बिळाला जागा हवी. पाणी हटलं की ती माशांमागे सरकते.

काठावर खुणा शोधायच्या तर टोकदार कुरतडलेले बुंधे नकोत, ते इथे मिळणार नाहीत. खडकावर किंवा वाळूवर एकाच जागी वारंवार टाकलेली विष्ठा बघा: माशांची खवलं, काटे आणि उग्र वास. शेजारी ओल्या वाळूत बोटांमधल्या पडद्याचा ठसाही उमटलेला असू शकतो. बीव्हर बहुधा संध्याकाळनंतर बाहेर पडतो. ही पाणमांजर दिवसाही, बहुतेकदा टोळीने, शिट्टीसारखे आवाज काढत फिरते.

बीळ सापडलं तर उकरू नका, जाळं लावू नका. फोटो लांबून घ्या आणि जागा वन विभागाला कळवा.