दोष दाखवणं आणि खलनायक ठरवणं

कुणी काय चुकीचं केलं हे सांगणं वेगळं आणि कुणी मुळातच वाईट आहे असं ठरवून टाकणं वेगळं. लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या ग्रुपवर, बातम्यांत या दोन्हींची सर्रास गल्लत होते, कारण राग दोन्हींत सारखाच असतो.

नमुन्यादाखल दोन मथळे घेऊ. 'कुर्ला स्थानकात मोबाइल हिसकावणाऱ्या तरुणाला अटक' आणि 'कुर्ल्यात पारधी टोळीचा पुन्हा उच्छाद'. घटना एकच. पहिल्यात माणूस एक, कृती एक, जागा ठरलेली. तरुण निर्दोष सुटला तर बातमी दुरुस्त करता येते. दुसऱ्यात एकाची टोळी झाली, टोळीला जमातीचं नाव चिकटलं, आणि 'पुन्हा' म्हटल्यामुळे आधीच्या, कधीच सिद्ध न झालेल्या चोऱ्याही तिच्याच खात्यावर पडल्या. आता आरोपी सुटला तरी जमात सुटत नाही. खलनायक ठरवणाऱ्या विधानाची पक्की खूण हीच, की त्याला खोटं पाडण्याची सोयच ठेवलेली नसते.

याचा कायदाही होऊ शकतो, आणि आपल्याकडे तो झाला. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला. एखादी जमात सरकारी यादीत आली की तिच्यातल्या माणसांची नोंद, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना. स्वतः काही केलेलं असण्याची गरज नव्हती, त्या घरी जन्मणं पुरे होतं. सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांवर झडती, ही तक्रार मात्र अजून थांबलेली नाही.

दुसरं नुकसान असं, की खलनायक हाती लागला की खऱ्या कारणाचा शोध मागे पडतो. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला तेव्हा गरिबांच्या गलिच्छ राहणीवर बोट ठेवलं गेलं. घरं धुतली, माणसं ओढून इस्पितळात नेली. उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवतात हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये दाखवलं, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली.

गल्लत उलट्या बाजूनेही होते, आणि ती जास्त धूर्त असते. झोपडपट्टी पुनर्वसनात रहिवाशांना घराबाहेर काढून बिल्डरने भाडं थकवलं, की रहिवासी जाब विचारतात. 'आम्हाला उगाच खलनायक करताय' हे उत्तर तेव्हा ऐकू येतं. करार, थकलेले महिने, रक्कम हे सगळं कागदावर असेल, तर तो निव्वळ हिशेब आहे. त्याच रहिवाशांना 'फुकटे' म्हणणं मात्र सरळ खलनायक ठरवणं आहे. १ जानेवारी २००० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा देऊन जे पात्र ठरले, त्यांना मोफत घराचा हक्क धोरणानेच दिला आहे.

लिहिताना फरक कसा पाळायचा हे सोसायटीच्या नोटिशीवरून चांगलं कळतं. 'बॅचलर भाडेकरूंमुळे वातावरण बिघडतंय' असं लिहिलं, की चौथ्या मजल्यावर शांत राहणारी, रात्रपाळी करणारी मुलंही त्यात आली, आणि मालकांची पोरं मोठ्याने गाणी लावत असतील तर ती सुटली. शिवाय या नोटिशीवर कुणालाच काही करता येत नाही. करायचं तरी काय, लग्न? त्याऐवजी फ्लॅट, तारीख, वेळ आणि कृती लिहा: 'बी विंग, ६०२, शनिवारी रात्री दीडपर्यंत स्पीकर सुरू होता. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे निर्बंध आहेत. सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा.' नोटीस काढण्यापूर्वी 'बॅचलर'च्या जागी 'मालक' घालून वाक्य वाचा. अर्थ तसाच राहिला आणि कुणाला खटकलं नाही, तर तक्रार कृतीबद्दल आहे. खटकलं, तर तो मजकूर फाडून नवा लिहा. खुलाशासाठी मुदत ठेवायला विसरू नका, कारण त्या रात्री ६०२ मध्ये कोण होतं हे समितीलाही अजून माहीत नसतं.