हरिकेन आणि टोर्नेडो : फरक

हरिकेन म्हणजे उबदार समुद्रावर तयार होणारे, शेकडो किलोमीटर पसरलेले आणि कित्येक दिवस टिकणारे चक्रीवादळ. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा भोवरा. त्याची रुंदी काही मीटरपासून एक-दोन किलोमीटरपर्यंत असते आणि बहुतेक वेळा तो दहा मिनिटांच्या आत विरतो. शास्त्रीय मराठीत त्याला घूर्णवाती वादळ असेही म्हणतात. दोन्हींत हवा केंद्राभोवती फिरते आणि केंद्रात दाब कमी असतो. साम्य इथेच संपते.

अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिकात ज्याला हरिकेन म्हणतात, त्यालाच वायव्य पॅसिफिकात टायफून आणि अरबी समुद्रात व बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या सीमाभागात हरिकेनचे जवळचे उदाहरण म्हणजे मे २०२१ मधले तौक्ते. टोर्नेडोला मात्र इथे असे घरचे उदाहरण नाही. मार्च-एप्रिलमध्ये नांगरलेल्या रानात उठणारी वावटळ म्हणजे टोर्नेडो नव्हे, आणि वळवात गोठ्याचे पत्रे उडवणारा वाराही बहुधा नव्हे. वृत्तवाहिन्या अशा प्रत्येक वाऱ्याला ‘मिनी चक्रीवादळ’ म्हणून मोकळ्या होतात; हवामानशास्त्रात असा प्रकारच नाही.

ताकद कुठून येते

चक्रीवादळाचे इंधन समुद्रात असते. त्यासाठी पाण्याचे तापमान किमान २६.५ अंश सेल्सिअस लागते, आणि तेही नुसत्या पृष्ठभागावर नव्हे, तर साधारण ५० मीटर खोलीपर्यंत. पाण्याची वाफ वर जाते, ढगात तिचे पुन्हा पाणी होते आणि त्या वेळी सुटणारी उष्णता आजूबाजूची हवा आणखी वर ढकलते. खालचा दाब उतरतो, चहूकडून हवा आत येते, पृथ्वीच्या परिवलनामुळे ती वळते आणि चक्र सुरू होते. विषुववृत्ताला खेटून, म्हणजे साधारण ५ अंशांच्या आत, हे वळण पुरेसे मिळत नाही, म्हणून तिथे चक्रीवादळे जवळजवळ होतच नाहीत. दुसरी अट अशी की खालचा आणि वरचा वारा वेगात व दिशेत फार वेगळा असता कामा नये. तसा असला तर ढगांचा मनोरा एका बाजूला कलतो आणि वादळ मोडते. पावसाळ्याच्या भरात, जुलै-ऑगस्टमध्ये, अरबी समुद्रावर नेमकी हीच अडचण असते. खाली जोरदार नैर्ऋत्य वारे आणि वर त्यांच्या उलट दिशेचे. म्हणून आपल्याकडे चक्रीवादळांचे हंगाम दोन : मान्सूनच्या तोंडावर मे-जून आणि तो परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर.

वाऱ्यांमधला जो फरक चक्रीवादळाला मारक, तोच टोर्नेडोला तारक. जमिनीलगत मंद वारा आणि वर वेगळ्या दिशेचा जोरकस वारा असला की मधली हवा आडव्या लाटण्यासारखी गुंडाळली जाते. गडगडाटी ढगातला वर चढणारा प्रवाह हे लाटणे उभे करतो आणि ढगाच्या आत काही किलोमीटर रुंदीचे फिरते क्षेत्र तयार होते. अशा ढगाला महामेघ किंवा सुपरसेल म्हणतात. ढगाच्या मागच्या अंगाने खाली येणारी हवा या फिरत्या भागाला वेढा घालते, फिरणारा स्तंभ ताणला जाऊन अरुंद होतो आणि अरुंद होताच त्याचा वेग वाढतो. त्याने जमीन गाठली की तो टोर्नेडो. सगळ्या सुपरसेलमधून टोर्नेडो निघत नाहीत, थोड्यांमधूनच निघतात. तो नेमका कोणत्या ढगातून आणि कोणत्या मिनिटाला उतरेल, हे आजही आधी सांगता येत नाही.

अमेरिकेच्या मध्यभागात मेक्सिकोच्या आखाताकडून दमट हवा, रॉकी पर्वताकडून कोरडी हवा आणि त्यावर वेगवान जेट प्रवाह (खूप उंचावरचा वाऱ्याचा पट्टा), हे तिन्ही वसंतात एकत्र येतात. त्यामुळे त्या देशात वर्षाला सुमारे १,२०० टोर्नेडो होतात. आपल्या उपखंडात असा पट्टा बंगाल, ओडिशाचा उत्तर भाग आणि बांगलादेशात आहे. मार्च ते मे या काळात कालबैशाखीच्या (तिकडच्या वळवाच्या) वादळांबरोबर तिथे टोर्नेडो होतात. बांगलादेशात दौलतपूर-साटुरिया भागात २६ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसे गेली. जगातला हा सर्वांत प्राणघातक टोर्नेडो मानला जातो. दिल्लीत १७ मार्च १९७८ रोजी आणि पश्चिम बंगालमधील मयनागुडी भागात ३१ मार्च २०२४ रोजी टोर्नेडोने नुकसान केले. बेळगावकडे वळवाच्या दिवसांत दमट हवा असते, ऊनही असते, पण वरचा जोरकस वारा बहुधा नसतो. म्हणून इथला वळवाचा ढग तासाभरात उभा राहतो, कोसळतो आणि संपतो. त्याला फिरायला सवडच मिळत नाही.

आकार, वेग, आयुष्य

चक्रीवादळाचा व्यास साधारण ३०० ते ८०० किलोमीटर. १९७९ मधल्या ‘टिप’ टायफूनचा व्यास सुमारे २,२०० किलोमीटर होता आणि त्याच्या केंद्रातला दाब ८७० हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. समुद्रसपाटीवर एवढा कमी दाब दुसऱ्या कोणत्याही चक्रीवादळात नोंदला गेलेला नाही. मध्ये २० ते ५० किलोमीटरचा शांत डोळा, भोवती सर्वांत जोराच्या वाऱ्याची भिंत आणि बाहेर पावसाचे सर्पिल पट्टे अशी त्याची रचना असते. डोळा डोक्यावर आला की वारा पडतो, क्वचित आभाळही दिसते. लोक ओसरले म्हणून बाहेर पडतात, आणि मग भिंतीची दुसरी बाजू उलट दिशेच्या वाऱ्याने येते.

अमेरिकेत ताशी ११९ किलोमीटरपासून हरिकेन मानतात आणि पुढे सॅफिर-सिम्पसन पट्टीवर त्याच्या पाच श्रेणी आहेत; पाचवी ताशी २५२ किलोमीटरपासून सुरू होते. भारतीय हवामान विभाग ६२-६३ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र अशा पायऱ्या धरतो आणि २२२ च्या पुढे महाचक्रीवादळ म्हणतो. अमेरिकेत एका मिनिटाची सरासरी घेतात, भारतात तीन मिनिटांची. त्यामुळे दोन देशांतले आकडे जसेच्या तसे ताडून पाहू नयेत.

टोर्नेडोचा वेग बहुधा मोजलाच जात नाही, कारण वेगमापक त्याच्या वाटेत असला तर टिकत नाही. हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये नुकसानीवरून वेग अंदाजायची पट्टी मांडली. तिची सुधारित आवृत्ती अमेरिकेत २००७ पासून वापरतात. शून्य श्रेणी ताशी सुमारे १०५ किलोमीटरपासून, तर पाचवी ३२२ च्या पुढे. म्हणजे चक्रीवादळाची श्रेणी ते येण्याआधी कळते, टोर्नेडोची तो गेल्यावर ठरते. फिरत्या रडारने मोजलेला सर्वाधिक वेग ओक्लाहोमात ३ मे १९९९ रोजी ताशी ४८० किलोमीटरच्या वर भरला. कोणत्याही चक्रीवादळात असा सलग वेग नसतो. पण टोर्नेडो घर उडवतो आणि शेजारच्या गल्लीला धक्काही लागत नाही, तर चक्रीवादळ जिल्हेच्या जिल्हे दोन दिवस भिजवते आणि किनाऱ्यावर समुद्र आत आणते. आजच्या बांगलादेशातल्या भोला चक्रीवादळात (नोव्हेंबर १९७०) तीन ते पाच लाख माणसे गेली. त्यांतली बहुतेक वाऱ्याने नव्हे, पाण्याने.

दोन्ही वेगळी असली तरी एकत्र येऊ शकतात. किनाऱ्यावर चढलेल्या चक्रीवादळाच्या बाहेरच्या पट्ट्यांत छोटे टोर्नेडो निघतात. २००४ च्या ‘आयव्हन’ हरिकेनने अमेरिकेत सुमारे १२० टोर्नेडो दिले. उलटे कधीच होत नाही. टोर्नेडो वाढून चक्रीवादळ बनत नाही.

वावटळ, वळवाचा झोत आणि टोर्नेडो ओळखणे

वावटळ जमिनीवरून वर उठते. आभाळ निरभ्र असते, माती तापलेली असते, भोवरा काही मीटर रुंद असतो आणि पाचोळा उडवून मिनिट-दोन मिनिटांत बसतो. टोर्नेडो ढगाला जोडलेला असतो. वर काळा ढग नसेल तर टोर्नेडो नाही, हे धरून चालावे.

वळवाचा झोत ओळखणे अवघड, कारण तोही ढगातूनच येतो. पाऊस आणि गारा पडताना ढगातली हवा गार व जड होते, धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. हा झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. फरक दुसऱ्या दिवशी रानात दिसतो. झोताने पाडलेला ऊस किंवा झाडे एकाच दिशेला, नाहीतर एका ठिकाणापासून पंख्यासारखी बाहेर पसरून लोळलेली असतात. टोर्नेडोच्या अरुंद पट्ट्यात ती एकमेकांवर आडवीतिडवी पडतात, दोन्ही कडांची झाडे पट्ट्याच्या आत झुकलेली दिसतात आणि पट्ट्याबाहेर वीस-तीस पावलांवरचे पीक उभे असते. पाहणी करताना पडलेल्या चार-पाच झाडांचे बुंधे आणि शेंडे कोणत्या दिशेला आहेत एवढे कागदावर बाणांनी काढले तरी उत्तर मिळते. पत्रे किती लांब गेले यावरून काही ठरत नाही. सुटा पत्रा साध्या झोतानेही दूर जातो.

सीमाभागावर चक्रीवादळाचा परिणाम

बेळगाव समुद्रापासून सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास आणि साडेसातशे मीटर उंचीवर आहे; मध्ये सह्याद्री आहे. जमिनीवर चढताच चक्रीवादळाचा वाफेचा पुरवठा तुटतो आणि झाडे-डोंगर वाऱ्याला अडवतात, त्यामुळे पूर्ण जोराचे वादळ घाटमाथा ओलांडत नाही. येतो तो पाऊस. वादळ किनाऱ्यापासून शे-दोनशे किलोमीटरवरून उत्तरेला सरकत असले तरी दमट हवा डोंगराला आपटून वर चढते आणि कणकुंबी, जांबोटी, चोर्ला, अनमोड या पट्ट्यात धो धो पाऊस देते. तौक्ते १५-१६ मे २०२१ रोजी कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्यासमोरून गेले आणि १७ मेच्या रात्री गुजरातेत दीव-उना भागात जमिनीवर चढले. गोव्यात झाडे आणि विजेचे खांब पडून वीज गेली. उत्तर कन्नड जिल्ह्याचा किनारा, म्हणजे कारवार-अंकोला, हा मात्र थेट माऱ्यात येतो. तिथे उधाणाचा धोका खरा आहे.

वादळ कुठे आहे हे वाऱ्यावरून ढोबळ कळते. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातली हवा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की केंद्र डाव्या हाताला असते. वादळ गोव्याच्या नैर्ऋत्येला असताना बेळगावात वारा पूर्व-आग्नेयेकडून येतो, ते समोरून जाताना दक्षिणेचा होतो आणि पुढे सरकल्यावर नैर्ऋत्येचा. वारा असा फिरत गेला तर वादळ उत्तरेला निघाले आहे.

झाडे पडण्याचे कारणही वेगळे असते. दोन दिवसांच्या पावसाने मुळांजवळची माती ढिली होते आणि मग ताशी ५०-६० किलोमीटरच्या वाऱ्यातही झाड मुळासकट आडवे होते. वळवात माती कोरडी-घट्ट असते. तिथे फांद्या मोडतात आणि छप्पर जाते.

छप्पर

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग दुप्पट, दाब चौपट. ताशी ६० किलोमीटरला दर चौरस मीटरवर साधारण १७ किलो, १२० ला ६८ किलो, आणि पाचव्या श्रेणीच्या टोर्नेडोच्या ३२० ला ४८० किलोच्या पुढे. तीन चौरस मीटरचा दहाफुटी पत्रा १२० च्या वाऱ्यात दोनशे किलोच्या जोराने ओढला जातो, आणि छपराच्या कडांवर ही ओढ आणखी जास्त असते. त्यावर ठेवलेले पाच-दहा किलोचे दगड त्याला धरू शकत नाहीत. ते आधी खाली येतात, बहुधा माणसाच्या डोक्यावर. वळचण आणि दोन्ही टोकांच्या ओळींत जे-हुक दाट घालणे आणि वासा भिंतीला लोखंडी पट्टीने बांधणे, एवढे केले तर वळीव आणि चक्रीवादळाच्या कडेचा वारा छप्पर सोसते. टोर्नेडोला ते पुरत नाही. तिथे खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची आतली खोली किंवा तळघर हाच उपाय. दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडाव्यात हा सल्ला चुकीचा आहे : वारा आत शिरला की छपराला खालूनही रेटा बसतो.

इशारा

चक्रीवादळाची पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी, सावधानता ४८ तास आधी आणि इशारा २४ तास आधी मिळतो. जमिनीवर चढण्याच्या १२ तास आधी पुढच्या वाटचालीचा अंदाज येतो. टोर्नेडोचा इशारा अमेरिकेतही सरासरी दहा-पंधरा मिनिटांपलीकडे जात नाही. वळवासाठी हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज देतो, आणि विजेसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. बेळगावचे ढग गोव्याच्या डॉप्लर रडारच्या टप्प्यात येतात. जिल्हा प्रशासनाचे संदेश कन्नडमध्ये येतात : त्यांतला ‘चंडमारुत’ म्हणजे चक्रीवादळ, ‘बिरुगाळी’ म्हणजे सोसाट्याचा वारा, ‘सुंटरगाळी’ वावटळीला आणि टोर्नेडोलाही, ‘सिडिलु’ म्हणजे वीज.

पंचनाम्यातला फरक

केंद्राच्या आपत्ती मदत निधीच्या यादीत चक्रीवादळ, गारपीट, ढगफुटी आहेत. टोर्नेडो किंवा नुसता वारा नाही. पीक विमा योजनेतही शेतनिहाय नुकसानीत गारपीट, दरड, ढगफुटी, विजेने लागलेली आग येते. कापून रानात वाळत टाकलेल्या पिकाला मात्र चक्रीवादळाचा किंवा अवकाळी पाऊस १४ दिवसांपर्यंत धरला जातो. कळवायची मुदत ७२ तास. म्हणून अर्जात ‘चक्रीवादळाने नुकसान’ असे सरसकट लिहू नये. त्या दिवशी समुद्रात वादळच नसेल तर अर्ज तिथेच अडतो. गारा पडल्या असतील तर गारपीट लिहावे, आणि वितळण्याआधी गारांचा फोटो, शेजारी नाणे ठेवून, काढून ठेवावा.