ग्रुपचं चॅलेंज वेगळं, ग्रुपच्या साथीनं गाठायचं ध्येय वेगळं

नवीन वर्ष लागलं किंवा पाऊस ओसरला की सोसायटीच्या आणि ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो: '३० दिवस, रोज १०,००० पावलं. कोण कोण आहे?' धडाधड अंगठे उमटतात. पहिला आठवडा रात्रीच्या जेवणानंतर आवारात फेऱ्या मारणाऱ्यांची गर्दी होते. महिना संपतो, यादीतल्या वरच्या तिघांचं कौतुक होतं आणि आवार पुन्हा मोकळं. मधेच गळालेली माणसं मनात धरून बसतात की आपण फिटनेसचं ध्येय ठेवलं होतं, ग्रुपही सोबत होता, तरी आपल्याला जमलं नाही. मला त्यांना कळकळीनं सांगायचंय की तुम्ही ध्येय ठेवलंच नव्हतं, चॅलेंज घेतलं होतं. दोन्हीकडे ग्रुप असतो, आकडा असतो, रोजचा हिशेब असतो, म्हणून गफलत होते.

आधी आकडा येतो कुठून ते पाहू. चॅलेंजचा आकडा तुम्ही यायच्या आधीच ठरलेला असतो. या १०,००० पावलांचंच घ्या. तोक्यो ऑलिंपिक होऊन गेल्यावर, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा गोल, लक्षात राहणारा. तो जगभर पसरला. तुमचं वय, तुमचे गुडघे, तुमची झोप पाहून तो कोणी काढलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी पावलांत नाहीत, मिनिटांत आहेत: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. त्याच शिफारशींत असंही म्हटलंय की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं चांगलं, आणि थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवावं.

दिवसाला जेमतेम ३,००० पावलं चालणाऱ्या साठीच्या बाईंनी महिनाभरात ४,५०० पर्यंत मजल मारली, तर ती मोठी कमाई आहे. चॅलेंजच्या यादीत मात्र त्या शेवटी दिसतात. डिलिव्हरीचं काम करणारा तरुण पहिल्या दिवसापासून वर असतो आणि त्याच्या तब्येतीत काडीचा फरक पडत नाही. स्वतःचं ध्येय म्हणजे कालच्या स्वतःपासून मोजलेलं अंतर. ते ज्याचं त्यानंच ठरवायला हवं, कारण कालचा आकडा फक्त त्यालाच ठाऊक असतो.

मग ग्रुपचं काम काय? याचं उत्तर आपल्याकडे तालमीत फार पूर्वीपासून आहे. कोल्हापूरची गंगावेश तालीम घ्या किंवा मोतीबाग. सगळे पैलवान पहाटे एकत्र उठतात, एकाच लाल मातीत उतरतात, पण कालच आलेल्या पोराला आणि मैदान मारणाऱ्या गड्याला वस्ताद सारख्या जोर-बैठका लावत नाही. मेहनतीची वेळ सगळ्यांची एक, आकडा ज्याचा त्याचा. सरावाच्या लढतीलाही जोड तोलामोलाचा पाहिला जातो. पोरगं दोन दिवस दिसलं नाही तर वस्ताद चौकशी करतो. फिटनेसच्या ग्रुपकडून मला एवढंच हवं असतं: एक ठरलेली वेळ, एक तोलामोलाचा सोबती, आणि आपण आलो नाही हे लक्षात येणारं कोणीतरी.

तोलामोलाची ही गोष्ट तालमीच्या बाहेर, युरोपातल्या जुन्या प्रयोगांतही सापडते. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावला. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले: माणूस एकटा असताना जेवढं बळ लावतो, त्यापेक्षा गटात प्रत्येकाचं बळ कमी भरतं, आणि गट वाढेल तसं आणखी कमी. पुढे १९२० च्या दशकात ओटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं बर्लिनच्या एका नौकानयन क्लबातल्या वल्हेकऱ्यांवर उलट प्रकार पाहिला. दोघांनी मिळून वजन पेलायचं, एक थांबला की दोघांचं थांबणार. अशा जोडीत कमी ताकदीचा माणूस एकट्यानं टिकला असता त्याहून जास्त टिकला. हा फायदा सर्वात जास्त कधी दिसला? दोघांच्या ताकदीत थोडा, बेताचा फरक होता तेव्हा. फरक फार असला किंवा अजिबात नसला की फायदा घटत गेला.

हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की बरंच उलगडतं. 'आपली कंपनी मिळून एक लाख किलोमीटर चालणार' अशा मोहिमेत माझे चार किलोमीटर कमी पडले तर कोणाला कळणार? तिथे रिंगेलमानचा दोर आहे. वेताळ टेकडीवर सकाळी सहाला तुमच्यापेक्षा किंचित दमदार मैत्रीण पायथ्याशी उभी असेल, आणि तुम्ही न गेल्यानं तिचाही फेरा चुकणार असेल, तर तुम्ही अंथरुणातून उठता. म्हणून शंभर जणांच्या ग्रुपपेक्षा त्या ग्रुपमधल्या दोघा-तिघांची जोडी मला जास्त मोलाची वाटते. मॅरेथॉनवीराच्या मागे नवख्यानं फरपटत जाण्यात मात्र कोणाचंच भलं नाही.

ध्येय ग्रुपवर जाहीर करण्याविषयीही थोडं सावध राहावं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत कायद्याच्या विद्यार्थ्यांचाही समावेश होता. आपला इरादा दुसऱ्या कोणी वाचलाय असं ज्यांना कळलं, त्यांनी पुढे त्या कामाला इतरांपेक्षा कमी वेळ दिला. 'मी यंदा रनर होणार' या मेसेजवर चाळीस हृदयं आली की रनर झाल्याचं समाधान धावण्याआधीच मिळून जातं. गोलविट्झरचंच आधीचं काम दुसरी वाट दाखवतं: कधी, कुठे, कशानंतर काय करणार, एवढं नेमकं ठरवावं. 'सोमवार, बुधवार, शुक्रवार, मुलांची स्कूलबस गेली की बूट घालून थेट मैदानावर, २५ मिनिटं' असं काही. हेच जोडीदाराला सांगावं. त्याला विचारायला काहीतरी ठोस मिळतं: गेलीस का?

सर्वात जास्त गल्लत स्पर्धांच्या नोंदणीत होते. 'आपला सगळा ग्रुप सातारा हाफ करतोय, तूही नाव घाल.' सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा रस्ता येवतेश्वरच्या घाटानं कासच्या दिशेला चढतो आणि तसाच परत उतरतो, एकूण २१.१ किलोमीटर. चढणीला दम लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरून धरतात, तो भार वेगळाच असतो, आणि सपाट रस्त्यावर कितीही धावलात तरी त्याची सवय होत नाही. ज्यानं स्वतः ठरवून, चार-पाच महिने चढ-उतारांचा सराव करून नाव घातलं, त्याचं ते ध्येय. ज्यानं मागे पडायला नको म्हणून घातलं, त्याच्यासाठी तीच शर्यत चॅलेंज आहे, आणि दोन दिवस जिना उतरताना त्याला त्याची आठवण राहते.

आकडा सामायिक असला की वाईटच, असं मात्र नाही. मोठ्या मॅरेथॉनमध्ये पेसर असतात. हाती वेळेची पाटी किंवा झेंडा घेऊन ते ठरल्या गतीनं धावतात आणि मागे घोळका चालतो. धावणारे त्याला 'बस' म्हणतात. बसमधल्या सगळ्यांचा आकडा एकच. पण कोणत्या बसमध्ये चढायचं हे तुम्ही आपल्या सरावावरून ठरवलेलं असतं, आणि झेपलं नाही तर मागची बस येतेच.

चॅलेंजला माझा सरसकट विरोध नाही. बसून राहिलेल्याला उठवण्यासाठी महिनाभराचा धक्का उपयोगी पडतो. विरोध आहे तो वजनाच्या शर्यतींना. कोण महिन्यात सर्वात जास्त किलो उतरवतो, या खेळात माणसं पाणी तोडतात, जेवण टाळतात. पाणी, मीठ आणि पोटातलं अन्न यांच्यामुळे वजन एका दिवसातच किलो-दोन किलो हलतं, त्यामुळे जिंकणाऱ्याची चरबी किती गेली हे त्या काट्यावरून कळतही नाही. मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यानं ईर्षेपोटी उपाशी चालणं तर थेट धोक्याचं आहे; साखर एकदम उतरून माणूस रस्त्यात कोसळू शकतो. अशा ग्रुपमधून खुशाल बाहेर पडावं.

आणि चालू असलेल्या चॅलेंजला ध्येयाचं रूप देता येतं. पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त मोजावं: किती मिनिटं चाललो, चालताना बोलता येत होतं का, दुसऱ्या दिवशी काय दुखलं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग म्हणजे मध्यम व्यायाम. त्या आठवड्यावरून प्रत्येकानं पुढच्या महिन्याचा आपला आकडा काढावा. ग्रुपवर आकड्यांची क्रमवारी टाकण्याऐवजी 'आज केलं' एवढीच खूण टाकावी, म्हणजे २० मिनिटंवाली आणि १० किलोमीटरवाला एकाच ओळीत येतात. कोणी दोन दिवस दिसलं नाही तर सगळ्यांसमोर टोकू नये, जोडीदारानं फोन करावा. पाय दुखत असेल तर त्या आठवड्याचा आकडा दोघांनी बोलून खाली आणावा आणि ग्रुपवर खूण तशीच चालू ठेवावी.