आमच्या दवाखान्यात आता दोन डॉक्टर: येण्याआधी एवढे वाचा

या महिन्यापासून दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टर रुजू झाल्या आहेत. दाराच्या पाटीवर मोठ्या डॉक्टरांच्या खाली त्यांचे नाव, पदवी आणि कर्नाटक राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक लावला आहे. हवा तर टिपून घ्या. कुठल्याही दंतवैद्याकडे गेलात तरी हा क्रमांक बघायची सवय बरी. मोठे डॉक्टर निवृत्त होत नाहीत. ते पूर्वीसारखेच रोज असतील.

नव्या मॅडमनी बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीची पाच वर्षे (शेवटचे इंटर्नशिपचे) झाल्यावर रूट कॅनॉल आणि दात वाचवण्याच्या उपचारात तीन वर्षांचे एमडीएस हे पदव्युत्तर शिक्षण केले आहे. दाढांचे रूट कॅनॉल, बिघडलेले जुने रूट कॅनॉल आणि पडून तुटलेले पुढचे दात त्यांच्याकडे. दात काढणे, कवळी, कॅप आणि साफसफाई मोठे डॉक्टर करतील. लहान मुलांना कोणीही तपासेल. मूल ज्यांच्यासमोर तोंड उघडेल ते त्याचे डॉक्टर.

ज्यांचे रूट कॅनॉल मोठ्या डॉक्टरांकडे अर्धे झाले आहे, त्यांचे काम तेच पुरे करतील. दाताच्या मुळात ज्या नळ्या साफ करतात, त्यांतल्या प्रत्येकीची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबाने फाइलमध्ये लिहिलेली असते. पण ती दाताच्या कुठल्या टोकापासून मोजली आणि नळी कुठे वळते, हे हाताला जितके कळते तितके कागदावर उतरत नाही. बाहेर कुठे अर्धे काम झाले असेल तर सगळे एक्स-रे घेऊन या. मोबाइलवर काढलेला एक्स-रेचा फोटो बहुतेक वेळा उपयोगी पडत नाही, त्यात मुळाचे टोक दिसत नाही.

रूट कॅनॉलला वेळ का लागतो, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण चंदगड किंवा खानापूरकडून बसने येणाऱ्यांना 'आजच संपवा' असे वाटणे साहजिक आहे. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन असली तरी नळ्या अनेकदा चार निघतात. चौथी केसासारखी बारीक असते आणि ती राहून गेली की वर्षा-दोन वर्षांनी त्याच दाढेत पुन्हा पू होतो. ती शोधायलाच वेळ जातो. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा बसवतात; आतून धुवायचे औषध झोंबणारे असते, ते घशात जाऊ नये आणि लाळेतले जंतू नळीत जाऊ नयेत म्हणून. पू नसेल तर एका बैठकीत काम होऊ शकते. पू असेल तर नळीत औषध भरून निदान आठवडाभर थांबावे लागते. गडबड केली तर सूज परत येते.

खालच्या दाढेची भूल चढायला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि दाढ फार ठणकत असेल तर ती नेहमीइतकी चढत नाही, कारण सुजलेल्या भागात औषधाचा जोर कमी पडतो. अशा वेळी सोसू नका, डावा हात वर करा. आणखी भूल देता येते. नंतर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. तोवर मुलांवर लक्ष ठेवा, ती ओठ चावून जखम करून घेतात.

दोन बैठकांमध्ये दाढेत कच्चे सिमेंट असते. ते जेमतेम दोन-तीन आठवडे टिकते आणि चिकट पदार्थाने उपसून येते. गोकाकचा करदंट या काळात वर्ज्य, कुंदा चालेल. सिमेंट निघाले तर दुखत नसले तरी लगेच या, कारण लाळ आत गेली की सगळी सफाई पुन्हा. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने ऊस सोलू नका, भडंगातले फुटाणे फोडू नका. पोखरलेल्या दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात, ती उभी चिरली तर काढण्यावाचून इलाज उरत नाही. रूट कॅनॉल करून कॅप 'पुढच्या सुगीला' ढकलणे हे दाढ गमावण्याचे आम्हाला दिसणारे सर्वात नेहमीचे कारण आहे.

नव्या डॉक्टरांना तुमच्या घरची माहिती तोंडपाठ नाही. एका घराची एक फाइल आहे, तरी पहिल्या भेटीत सगळी औषधे पिशवीत घालून आणा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. हाडांसाठी आठवड्यातून एकदा गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइन घेत असाल तर आवर्जून सांगा. दात काढल्यावर जबड्याचे हाड भरायला त्याने अडचण येऊ शकते. हृदयाची झडप बदललेली असेल तर आधी अँटिबायोटिक लागते. मधुमेहींनी नाश्ता आणि गोळी घेऊन सकाळची वेळ घ्यावी. संकष्टीचा कडक उपवास असेल त्या दिवशी दात काढायला येऊच नये.

मिशरी, तंबाखू, सुपारी याबद्दल मॅडम विचारतील. वैनी, मावशी, यात लाजण्यासारखे काही नाही. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, निघत नसलेला पांढरा चट्टा किंवा तोंडात तीन बोटे उभी न मावणे, यांपैकी काहीही असेल तर दात दुखत नसला तरी दाखवा. आणि दुखऱ्या दाढेपाशी अ‍ॅस्पिरिनची गोळी किंवा तंबाखू दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.

तपासणीची फी दोघांचीही एकच. कॅपचे पैसे वेगळे. काम सुरू करण्याआधी एकूण अंदाज लिहून मिळेल. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे, वाचता येईल ते मागून घ्या.

पुढचा दात मुळासकट निघून पडला तर मूळ न धरता वरच्या भागाला धरून उचला, घासू नका, दुधाच्या पेल्यात टाका आणि अर्ध्या तासात पोहोचा. दुधाचा दात असेल तर परत बसवत नाहीत, पण मुलाला दाखवा. रविवारी दवाखाना बंद असताना सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरू लागली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला तर सोमवारची वाट पाहू नका, आम्हाला फोन करण्यातही वेळ घालवू नका. सरळ मोठ्या इस्पितळाच्या तातडी विभागात जा.