पकडलेलं जहाज जाळूनच टाकायचे का?

"शत्रूचं जहाज पकडलं की जाळायचे नाहीतर बुडवायचे", नेपोलियनच्या काळातल्या समुद्री लढायांबद्दल हे वाक्य किती वर्षं फॉरवर्ड होतंय. असं वाटण्यामागे कारण आहे. १८०५ ला स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिशांनी फ्रेंच-स्पॅनिश ताफ्याची १७ जहाजं पकडली आणि ब्रिटिशांच्या जिब्राल्टर बंदरात पोचली फक्त ४. पण त्यामागे लढाईनंतरचं भयंकर वादळ होतं, त्यात काही बुडाली, काही परत शत्रूकडे जाऊ नयेत म्हणून नाइलाजाने संपवली.

एरवी रिवाज उलटाच होता. मोठं जहाज बांधायला हजारो ओकची झाडं लागायची, शिवाय पकडणाऱ्या खलाशांना त्याच्या किमतीतला वाटा मिळायचा, मग जाळून कोणाचा फायदा?

खात्री करायची तर ट्रफाल्गरच्या दोन्ही ताफ्यांची यादी काढा आणि जहाज कुठे बांधलं तेवढं बघा. ब्रिटिशांकडचं स्पार्शिएट फ्रान्सच्या तूलाँ बंदरातलं, १७९८ ला नाईलच्या लढाईत पकडलेलं, आणि फ्रेंचांकडची स्विफ्टशुअर आणि बर्विक मूळची ब्रिटिश!

सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे द्युगे-त्रुएँ, १८०० चं ७४ तोफांचं फ्रेंच जहाज. ट्रफाल्गरमधून निसटलं, दोन आठवड्यांत ब्रिटिशांनी पकडलं, त्यांच्या नौदलात इम्प्लॅकेबल नावाने आलं, १८०८ ला बाल्टिकमध्ये रशियनांशी लढलं, १८४० ला सीरियाच्या किनाऱ्यावर गेलं, नंतर कित्येक वर्षं ट्रेनिंग शिप. शेवटी बुडवलं खरं, पण १९४९ मध्ये, ब्रिटिश आणि फ्रेंच दोन्ही झेंडे लावून. त्याचा मागचा नक्षीदार भाग ग्रिनिचच्या म्युझियमने जपून ठेवलाय.